बाराचा नियम

डॉक्टरीणबाईंचा तो नियम त्यांनी स्वतः संशोधन करून बांधलेला, म्हणून मोडायची कुणाची बिशाद नव्हती. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांचे गर्भ त्यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवत. पाचव्या दिवशी दुपारी बारापर्यंत जो पुरेसा वाढला नाही, तो टाकून द्यायचा. रेंगाळणारा गर्भ टिकत नाही, असं त्यांच्या निबंधात छापून आलं होतं, आणि छापलेल्याला कोण विचारतो?

मग प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताईंच्या हातून चूक झाली. वीस वर्षांत एक बशी इकडची तिकडे न केलेली बाई. पण त्या दुपारी आई पडल्याचा फोन आला, त्या तशाच धावल्या आणि खालच्या फळीवरची एक बशी टाकायची राहिली. दुसऱ्या दिवशी बघतात तर काय, तो रेंगाळलेला गर्भ चांगला टरारलेला! ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. लपवलं असतं तर कुणाला पत्ता लागला असता? पण त्यांनी बशी दाखवली. डॉक्टरीणबाई आधी तडकल्या, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. आईबापांना सगळं सांगून तो गर्भ आईच्या पोटात ठेवला, आणि त्याची मुलगी आता घरभर धावते.

पुढची दोन वर्षं बाईंनी असे गर्भ सहाव्या दिवसापर्यंत ठेवून पाहिले. पाचातला एक तगला. नवा निबंध लिहून झाला आणि त्याच आठवड्यात मास्तरीणबाई आल्या.

चार वर्षांपूर्वी यांचे तीन गर्भ बाराच्या ठोक्याला टाकले होते. आता त्रेचाळीस उलटली होती, तपासण्यांचे आकडे वाईट होते. पुन्हा एकदा प्रयत्न करावा का, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. भागीदार डॉक्टरांनी बाईंना आधीच बजावलं होतं, पुढचं सुधारा, मागचं उकरू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंनाही ते पटल्यासारखं झालं होतं. पण समोरची बाई स्वतःच्याच अंगाला नावं ठेवत हसली आणि डॉक्टरीणबाईंना ते ऐकवेना. त्यांनी नियमापासून बशीपर्यंत सगळं सांगून टाकलं. आता पुन्हा प्रयत्नाची खोटी आशा लावणार नाही, हेही सांगितलं.

मास्तरीणबाईंनी पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"तिन्हीतला एखादा जगला असता?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही. पण संधी होती, आणि ती मी दिली नाही."

मास्तरीणबाई रडतील, ओरडतील, कोर्टाचं नाव काढतील, म्हणून डॉक्टरीणबाई मन घट्ट करून बसल्या होत्या. त्यातलं काही झालं नाही.

"तुम्ही तेव्हा म्हणालात, तुमच्यात जोर नाही," मास्तरीणबाई सावकाश म्हणाल्या. "सासूबाई चार वर्षं तेच वाक्य मला ऐकवताहेत. हे लिहून द्या."

भागीदार डॉक्टरांचा चेहरा बाईंच्या डोळ्यांपुढे आला. तरी त्यांनी दवाखान्याचा कागद ओढला आणि लिहिलं, 'आमचा नियम बहुधा चुकीचा होता.' जन्मभर निबंध लिहिणारा हात, त्याला दुसरं काय येणार! खाली सही केली, तारीख घातली.

मास्तरीणबाईंनी मुलांची वही तपासावी तसा कागद दोनदा वाचला. मग पर्समधून लाल पेन काढलं, एका शब्दाखाली रेघ मारली आणि कागद परत पुढे सरकवला.

बाईंनी 'बहुधा' खोडला आणि बाजूला पुन्हा सही केली.