निळ्याच्या पाठीवरचा फोड

मित्रांनो, मी एक जुना सर्फबोर्ड आहे. लाटेवर उभं राहायला नव्यानं शिकणाऱ्यांसाठीचा. माझ्या पोटात हलका फोम आहे, खाली गुळगुळीत प्लास्टिक आणि पाठीवर चिकटवलेला मऊ निळा थर. पडणाऱ्याला लागू नये म्हणून आम्हाला असं मऊ बनवतात.

पोहायला आणि लाटेवर उभं राहायला शिकवणाऱ्या एका ताईंनी मला विकत घेतलं. माझ्यावर कितीतरी जण धडपडले, पण लक्षात राहिल्या त्या शाळेतल्या गणिताच्या बाई. वय पंचावन्न. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अहो, मला धड स्टुलावर चढता येत नाही आणि तुम्ही पाण्यावर उभं करायला निघालात!" महिनाभर त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं, पण हट्ट सोडला नाही. शेवटी एकदा तीन श्वासांपुरत्या उभ्या राहिल्या आणि माझी पाठ थोपटून म्हणाल्या, "शाबास रे, निळ्या!" तेच माझं नाव पडलं.

मग ती दुपार आली. ताई मला गाडीत आडवा ठेवत होत्या, तोच फोन वाजला. त्यांची आई जिन्यावरून पडली होती. दवाखान्याबाहेर भर उन्हात गाडी लावून ताई धावतच आत गेल्या. काचा बंद. बघता बघता गाडीची भट्टी झाली. माझ्या पोटातली हवा तापून फुगली, पाठीचं चिकटवण सुटलं आणि तळहाताएवढा फोड उठला. मला ओरडता येत नव्हतं.

दोन दिवसांनी ताईंनी तो पाहिला. अंगठ्यानं दाबला, जरा घुटमळल्या. आई अजून दवाखान्यातच होती, जागरणानं डोळे चुरचुरत होते आणि बाई पाण्यात वाट बघत होत्या. "एवढ्यानं काय होतंय," असं पुटपुटून त्यांनी मला पाण्यात सोडलं.

बाईंचा पाय नेमका फोडावर पडला. थर सरकला, बाई उथळ पाण्यात हातावर आपटल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

ताईंनी मला होड्या दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं. काकांनी फोडावरून हात फिरवला. "बंद गाडीत ठेवला होतास ना?"

"हो, काका."

काकांनी फोडाच्या कडेला बारीक चीर देऊन आत शिरलेलं पाणी दाबून काढलं. आठवडाभर मला सावलीत सुकवलं, मग चिरेतून चिकटवण भरलं. "कुठलंही चिकटवण नाही चालत. काही चिकटवणं फोमच खातात," ते म्हणाले. वर सपाट फळी, फळीवर वाळूच्या पिशव्या. एक अख्खा दिवस मी त्या ओझ्याखाली होतो. "आता हा उन्हात दिसता कामा नये. किनाऱ्यावर सावलीत ठेव, सावली नसेल तर पांढरी चादर टाक. आणि गाडीत विसरलीस तर माझ्याकडे येऊ नकोस."

बाई हाताला प्लॅस्टर घालून भेटायला आल्या. "चूक माझीच हो, वयाला शोभेल असं वागायला हवं होतं," असं हसून म्हणाल्या.

ताईंना गप्प बसता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "नाही, बाई. फोड मला आधीच दिसला होता. तरी मी तुम्हाला चढू दिलं."

बाईंचं हसू मावळलं. "दिसला होता? मग सांगायचं तरी होतंत. चढायचं की नाही, ते मी ठरवलं असतं." आणि त्या निघून गेल्या.

मित्रांनो, मला उन्हात टाकू नका, एवढंच सांगून मी थांबलो असतो. पण त्याहून मोठं मागणं आहे. माझ्यासारख्याच्या पाठीवर फोड दिसला, तर त्यावर पाय ठेवणाऱ्याला आधी सांगा. आता रोज सकाळी ताई माझी पाठ दोन्ही हातांनी चाचपतात आणि नवीन येणाऱ्याला फोड चिकटवलेली जागा दाखवतात. कुणी तरीही चढतं, कुणी दुसरा बोर्ड मागतं. बाईंचं प्लॅस्टर निघाल्याचं कानावर आलंय. त्या अजून आलेल्या नाहीत.