टोल्यांचा धूर

आमच्या गावात पाहण्यासारखं काही असेल, तर तो हरिदासभाऊंचा मनोरा. हेलिकॉप्टर उतरायच्या मैदानाकडेला तो उभा आहे, शेजारीच तो सांभाळणाऱ्या भाऊंचं घर. दिवसरात्र तो एकच खूण हवेत सोडतो आणि हेलिकॉप्टरमधल्या यंत्राचा काटा त्या खुणेकडे वळतो. वैमानिकाने काट्यामागे यायचं, एवढंच. उपग्रह आल्यापासून मनोऱ्याला कुत्रं विचारत नाही. तरी भाऊ रोज तारा तपासणार, इंजिनात डिझेल भरणार. मी इथल्या शाळेत शिकवते आणि माझी जीभ जरा सैलच. "भाऊ, तुमचा मनोरा एवढ्या हाका मारून राह्यला, पण येते कोण?" असं मी विचारायची.

"येईन बाई, कोणी तरी येईन," भाऊ हसून म्हणायचे.

पावसाळ्यात पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. यंदाही तुटला, आणि नेमकी तेव्हाच भाऊंची लेक संघप्रिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली. पण रक्त थांबेना. "मी होतं ते सगळं केलं. आता हिले रक्त चढवलं तरच," निशा नर्स म्हणाली. नदीत नाव घालायची सोय नव्हती. वायरलेसवर बोलणं झालं आणि हेलिकॉप्टर निघालं.

थोड्या वेळाने वैमानिकाचा आवाज आला, "जीपीएस बंद पड़ गया है. बीकन चालू रखो, काँटे पे आता हूँ."

"चालूच हाय साब," भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. इतक्या वर्षांनी मनोऱ्याची हाक कुणीतरी ऐकली होती.

मग आभाळ कडाडायला लागलं. वीज चमकली की हा काटा मनोऱ्याला सोडून विजेकडे धावतो, त्याला कुणाचाच इलाज नाही. ढगांवर नुसती घरघर फिरत राहिली. "काँटा घूम रहा है. धुआँ करो, नीचे आके देखता हूँ."

भाऊंनी गोठ्यातलं भाताचं कोरडं तणस आणलं, वर डिझेल ओतलं. मैदानात धूर उभा राहिला. पाऊसही जरा थांबला होता. मला वाटलं, आता जमलं.

इकडे माणूस जंगलात चुकला की आसपासच्या प्रत्येक टोल्यावर, म्हणजे दहा-पंधरा घरांच्या वस्तीवर, धूर करतात. चुकलेल्याने जवळच्या धुराकडे यावं. कुठेही पोचला तरी भात मिळतो आणि सकाळी कुणीतरी घरी नेऊन सोडतं. इतकी माणुसकीची रीत मी दुसरीकडे पाहिली नाही. त्या दिवशी वरच्या घिरट्या ऐकून टोल्यांनी ओळखलं, कुणीतरी चुकलंय.

आधी नाल्यापलीकडे धूर चढला, मग टेकडीखाली, मग नदीच्या अंगाला. भाऊ बघतच राहिले. "धूर नोका करू रे," ते पुटपुटले. मी नाल्याकडे धावले, ओढणी हलवून ओरडले. नाला दुथडी भरून वाहत होता, माझा आवाज मलाच ऐकू येईना. इतकी चीड आली, पण चिडायचं कुणावर?

परतले तेव्हा वायरलेस बोलत होता, "चार जगह धुआँ है. मैदान कौनसा?"

"मनोरेवाला, साब. मनोरेवाला."

"बादल नीचे हैं, इतनी दूर से टावर नहीं दिख रहा. तेल कम है. मौसम खुलते ही आता हूँ."

घरघर लांब गेली. आतून संघप्रियाने विचारलं, "बाबा, आलं का?"

"येते, माय."

नाला उतरला तोवर दिवस कलला होता. पलीकडच्या टोल्याचा जंगू कमरेएवढ्या पाण्यातून आला, तेव्हा संघप्रिया जाऊन घटकाभर झाली होती. संघप्रियाच्या आई, रुखमाबाई, नातीला छातीशी धरून आत बसल्या होत्या. अंगणात भाऊ एकटेच होते. जंगूला यातलं काही माहीत नव्हतं. त्याचे हात काजळीने भरले होते.

"वाट भेटली का भाऊ, त्या वरच्याले?" त्याने विचारलं. "समदं ओलं होतं, पेटे नाई. मंग घराच्या छपराचं गवत काढून जाळलं."

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस फुटेल. मनोऱ्याचं इंजिन तिकडे अजून चालूच होतं.

"दिसला जंगू, तुहा धूर दिसला त्याले," भाऊ म्हणाले. "लय दुरून दिसला."

जंगूला बरं वाटलं.