हाड जुळायला बारा आठवडे

बाबांची बायपास झाली तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते आणि भांडुपच्या आमच्या मंडळाच्या कबड्डी संघाला अठरा वर्षं शिकवत होते. नोकरी कारखान्यात फिटरची, पण काशीराम घाडी म्हटलं की लोकांना मैदानच आठवायचं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. खेळताना कुणी पडून कण्हायला लागलं की बाबांचं एकच सांगणं असे, दुखतंय म्हणजे जिवंत आहेस, ऊठ. मी त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी मैदानाच्या कडेला बसून हे ऐकताना मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

ऑपरेशन शहाऐंशीच्या जानेवारीत झालं. मी तेव्हा मुलुंडला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आईला हॉस्पिटलची भीती वाटायची, त्यामुळे बाबांबरोबर मीच असायचे.

व्यायाम शिकवायला तिथे कुंडलिक सर येत. तिशीतले, सडपातळ, एक खांदा किंचित उतरलेला. पहिल्या दिवशी त्यांनी केसपेपरवरचं नाव वाचलं, बाबांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि कामाला लागले. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. उठताना हातांवर जोर द्यायचा नाही, कुशीवर वळून पाय खाली सोडायचे. छातीचं हाड मधोमध कापून तारेनं बांधलंय, ते जुळायला बारा आठवडे लागतात, तोवर पाण्याची बादली उचलायची नाही, जड दार ओढायचं नाही, बसमध्ये वरच्या दांड्याला लटकायचं नाही. चालणं मात्र रोज. आधी पाच-पाच मिनिटं दोनदा, मग थोडं थोडं वाढवत जायचं, तेही चालताना बोलता येईल एवढ्याच वेगानं. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप लागली तर तिथेच थांबायचं आणि आम्हाला कळवायचं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. सर गेल्यावर मला म्हणाले, या पोराला मैदान ठाऊक नाही.

घरी आल्यावर आम्ही दोघं सकाळी गल्लीतून चालायचो. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची पंधरा. वाटेत मंडळाचे लोक भेटायचे. मास्तर, म्हाताऱ्यासारखं काय चालताय, असं कुणी थट्टेनं म्हणे. बाबा हसत, पण परत येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलत नसत.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी आई शेजारी गेली होती. मी कॉलेजातून आले तर बाबा जमिनीवर बसलेले, कपाळावर घाम, हात छातीवर. त्यांनी दंड मारून पाहिले होते. चौथ्या दंडाला छातीत कट्ट असा आवाज झाला म्हणाले. मी टॅक्सी करून त्यांना हॉस्पिटलात नेलं.

सर्जननी तपासलं, फोटो काढला. तारा शाबूत होत्या, पण हाड जरासं हललं होतं. पट्टा बांधून बारा आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं. सर्जन गेल्यावर कुंडलिक सर पट्टा बांधायला आले. बांधून झाल्यावर ते बाबांच्या समोर उभे राहिले.

"माझं ऐकलं नाहीत तेव्हा, मास्तर. आता स्वतःच्या छातीचं तरी ऐका."

बाबांनी मान वर केली नाही. सर त्यांना मास्तर का म्हणतात, मला कळेना. ते खालीच बघत म्हणाले, "पहिल्याच दिवशी ओळखलं होतं तुला."

बाबांना औषधं दिली होती, त्यांना झोप लागली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन सरांना विचारलं. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. त्र्याहत्तर साली ते आमच्या संघातले सगळ्यात चपळ चढाईपटू होते. कुर्ल्याला अंतिम सामना होता. मध्यंतराआधी पकडीत त्यांची बरगडी मोडली. श्वास घेता येत नाही, असं ते दोनदा म्हणाले. बाबांनी छातीभोवती कापडी पट्टी आवळली आणि त्यांना आत पाठवलं. सामना जिंकला. त्या रात्री खोकल्यातून रक्त पडलं. बरगडीचं टोक फुप्फुसात घुसलं होतं, आत पू झाला, पुढे अर्धं फुप्फुस काढावं लागलं. रेल्वेच्या संघात त्यांची निवड जवळपास झालेली होती, ती गेली.

"ते मी सोसलं असतं," ते म्हणाले. "पण मंडळानं विचारलं तेव्हा मास्तरांनी सांगितलं, याला आधीपासूनच टीबी होता, यानं लपवला. यांच्या वस्तीत घराघरात टीबी असतो."

मी तेव्हा सात वर्षांची होते. आमच्या घरी येणारा कुंडलिकदादा एकदम यायचा बंद झाला, हे मला अंधुक आठवलं. आणि तो ज्यातून चहा प्यायचा ते कप आईनं टाकून दिले, हेही.

श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यांना उभं केलं होतं. म्हणून त्यांनी हेच शिक्षण घेतलं होतं.

त्यानंतर बाबा मुकाट्यानं सगळं करू लागले. सर घरच्या पत्त्यावर पुढच्या आठवड्याचे व्यायाम लिहून पाठवत, कधी चुकले नाहीत. मे महिन्याच्या शेवटी फोटोत हाड नीट जुळलेलं दिसलं. जिने चढवून, नाडी मोजून सरांनी सांगितलं की आता हलकी वजनं चालतील, हळूहळू पळायलाही हरकत नाही, घाई मात्र नको.

बाबांनी पेढे नेले होते. ते पुढे करत म्हणाले, "झालं गेलं विसर रे कुंडलिक. मोठा झालास तू."

सरांनी पेढा घेतला नाही. "मंडळासमोर एकदा खरं सांगा. मला दुसरं काही नको. माझी आई अजून भांडुपलाच राहते, टीबीचं घर म्हणून अजून तिच्या हातचं पाणी पीत नाहीत तिथली माणसं."

बाबा म्हणाले, सांगतो. माझ्यादेखत म्हणाले.

जूनच्या पहिल्या रविवारी मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, तीनचारशे माणसं. सर आले नव्हते, पण त्यांच्या आई शांताबाई मागच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. बाबा आज खरं सांगणार, असं मीच त्यांना जाऊन सांगून आले होते. बाबा बोलायला उठले. वीस मिनिटं बोलले. या मातीनं माझं शरीर घडवलं म्हणून मी मरणाच्या दारातून परत आलो, म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं तिथेच थांबलो असतो तर अजून खाटेवर असतो, हेही म्हणाले. टाळ्या पडल्या. शांताबाई टाळ्या चालू असतानाच उठून गेल्या.

घरी आल्यावर मी विचारलं. बाबा शालीची घडी घालत होते. म्हणाले, आजचा दिवस तसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाचे जुने चिटणीस दत्तारामकाका यांच्याकडे गेले. मी ठरवलंच होतं, बाबा सांगत नसतील तर मी सांगेन. बरगडी, पट्टी, टीबीची थाप, सगळं एका दमात सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला.

"अगं, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं," ते म्हणाले. "पट्टी मीच आणून दिली होती. जिंकलेली ढाल गेली असती, चौकशी झाली असती. त्याला टीबी होता म्हटलं की कुणी पुढे विचारत नव्हतं."

मी चहा न पिता उठले. कुंडलिक सरांना पत्र लिहायला तीनदा बसले, पण त्यांना जे माहीत नाही असं लिहिण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं.

बाबा त्यानंतर चौदा वर्षं जगले. रोज पहाटे पहिल्या बसनं आरे कॉलनीत जात, तिथल्या झाडीतल्या रस्त्यावर तीन किलोमीटर पळत, आणि पळताना बोलता येईल एवढाच वेग ठेवत. बरोबर बोलायला कुणी नसे. मी जायचं बंद केलं होतं.