आजारी पडण्यासाठी पेरलेला रोग्या

मित्रांनो, मी एक जुना वाण आहे, भुईमुगाचा. माझं खरं नाव आता कुणाला आठवत नाही. इथे मला सगळे रोग्या म्हणतात.

एके काळी माझी वाहवा होती. टरफल पातळ, दाणा गुलाबी आणि चव इतकी गोड, की मुलं खिशातले दाणे घर येईपर्यंत संपवून टाकत. मग पानांवर टिक्का आला. तपकिरी ठिपका, भोवती पिवळी कडा. पाठोपाठ तांबेरा आला. पानाला खालून बोट लावलं, की गंजासारखी भुकटी बोटाला लागे. दोन्ही बुरशीचे रोग. माझी पानं गळाली, शेंगा पोचट राहिल्या आणि लोकांनी मला सोडून दिलं.

नवे वाण तयार करणाऱ्या एका शेतावर मला आणलं, तेव्हा वाटलं, आता आपल्यावर उपचार होणार. पण इथे मला मुद्दाम आजारी पडण्यासाठी पेरतात. नव्या वाणांच्या मध्ये मध्ये माझी एक ओळ असते. माझा रोग शेजाऱ्यांवर उडायचा आणि त्यात जो हिरवा राहील तो खरा, अशी ही परीक्षा. मला औषध द्यायचं नाही. उलट संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडायचं, म्हणजे बुरशीला बरं. माझे पाय मातीत, पळणार कुठे? हंगाम संपला, की माझं थोडं बी पत्र्याच्या डब्यात जातं आणि झाकण लागतं. झाकण उघडलं, की पुन्हा तोच वाफा.

या शेतावर एक माळी आणि त्याची बायको कामाला होते. बायको संकर करायची. संध्याकाळी ती माझ्यापाशी लहान स्टूल घेऊन बसे. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरून चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढून टाके. सकाळी एका रानटी, काटक भाऊबंदाचे परागकण आणून त्या फुलाला लावे आणि खाली लाल दोरा बांधे. भुईमुगाचं फूल वर उमलतं, पण शेंग जमिनीत धरते. दोरा नसेल, तर कुठली शेंग कुणाची हे कसं कळणार?

"रोग्या, गोडी तुझी आणि तब्येत त्याची, अशी लेक हवी मला," ती म्हणायची.

माळी पाण्याचा पाइप ओढत हसायचा. "आपलं लग्न जुळवताना कुणी एवढं निरखून पाहिलं नव्हतं."

"पाहिलं असतं, तर मी तुमच्या घरात असते का?"

त्या संकरातून पुष्कळ लेकरं झाली. काही माझ्यासारखीच आजारी, काही काटक पण बेचव. ती दर हंगामात निवडून निवडून पुढे पेरत राहिली. शेवटी एक लेक उरली. दाणा माझा होता. तब्येत त्या रानटी बापाची आहे का, हे मात्र ठरायचं होतं.

त्याच सुमारास माळ्याची बायको अंथरुणाला खिळली. माळी दवाखान्यातून थेट शेतावर यायचा आणि पाणी सोडायचा. एक दिवस तो आलाच नाही. परत आला, तेव्हा तिचं स्टूल उचलून त्याने खोलीत ठेवून दिलं.

त्या हंगामात माझ्या पानांवर पहिले ठिपके आले आणि तो समोर उभा राहिला. मग पाठीवर पंप घेऊन आला.

"तिला वाचवता आलं नाही. तुला तरी बघू," म्हणाला आणि मला औषध फवारलं. पुढेही फवारत राहिला.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी माझी खालची पानं जागेवर होती.

पानं तपासायला मॅडम आल्या. नव्या वाणांचं सगळं काम त्याच पाहतात. त्या माझ्यापाशीच थांबल्या.

"काका, रोग्या हिरवा कसा?"

"फवारलं मी."

"अहो, काय केलंत हे! रोगच आला नाही, तर मावशींची लेक काटक आहे की औषधाने तरली, हे कसं सांगू? आणि हा जमिनीचा तुकडा आपल्याकडे आता एकच हंगाम आहे. मग दुसऱ्या पिकाला जाणार."

माळी खाली बसला. "मला ते बघवत नव्हतं, मॅडम."

"कळतंय मला," त्या म्हणाल्या.

पुढच्या हंगामात त्याने मला स्वतःच्या हाताने दाट पेरलं. जपून ठेवलेली रोगट पानं पाण्यात चुरली आणि ते पाणी माझ्यावर शिंपडलं.

"रोग्या, तिचं काम अडलंय रे."

मी इतका आजारी कधीच पडलो नव्हतो. एकेक पान गळून शेवटी नुसत्या काड्या उरल्या. पण त्या दिवसांत एक नवीन घडलं. तो खोलीतून ते स्टूल घेऊन आला आणि रोज संध्याकाळी माझ्यापाशी बसू लागला. पंप आणला नाही. माझ्या बुडातलं तण काढायचा. पूर्वी ते कुणी काढत नसे. मरणाऱ्या ओळीचं तण कोण काढतो?

आणि माझ्या शेजारी माझी लेक उभी होती. अगदी खालच्या पानापर्यंत हिरवी.

काढणीच्या दिवशी मॅडमनी तिची पानं उलटून उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "मावशी जिंकल्या, काका." माळ्याने एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चघळत राहिला.

"गोड आहे रे," तो मला म्हणाला. "तुझ्यासारखीच."

आता मी पुन्हा डब्यात आहे. झाकण लागलेलं आहे. दुसरं कुठलंतरी शेत असेल, तिथे मी पुन्हा आजारी पडेन. माझी सुटका नाही, हे मला कळून चुकलं आहे. मित्रांनो, एकच सांगणं आहे. तुमच्या घरी, शेजारी कुणी आजारी असेल, तर त्याला बरं करणं तुमच्या हातात असेलच असं नाही. तरी त्याच्यापाशी स्टूल घेऊन बसा.