पोरीचा हात

"आये, एवढी ओळ झाली की जेवू," मोहिनी द्राक्षाच्या वेलीआडून म्हणाली. बोलताना तिची कात्री थांबली नव्हती.

भागीबाईचं मात्र सकाळपासून चित्त ठिकाणावर नव्हतं. सुरगाण्याची एसटी साडेअकराला फाट्यावर यायची. दिवाळीची सुट्टी संपून तीन आठवडे झाले होते. आश्रमशाळेच्या बाईंनी काल फोनवर सांगून टाकलं होतं, "उद्या आली नाही तर नववी गेली समजा. अशा मुली मग परत येत नाहीत, भागीबाई. मी पाहिल्यात."

"पिशवी भर, मोहने. गाडी यील."

"मी नाय जायची. तिथं गणिताला उभी करत्यात. इथं खंडूमामा काय म्हन्तो? साऱ्या टोळीत माझा हात चांगला हाय."

आधी ते भागीबाईच म्हणाली होती. लेकीनं बारके मणी कापून विरळलेला पहिला घड तिनं सगळ्या बायकांना बोलावून दाखवला होता. तेवढ्यानं पोरगी अशी फुलली, की शाळेचं नाव काढेना.

मोहिनीचा हा खंडूमामा, टोळीचा मुकादम खंडेराव, ओळीत शिरला. "ऱ्हाऊ दे की पोरीला. असा हात सापडत नाय."

भागीबाईनं समोरचा घड पुढं ओढला.

"ह्याला हात म्हन्ता, दादा? बारके मनी तसंच, देठाला कात्री लागलेली. मी मागून निस्तरते, म्हून नीट दिसतंय."

"आता गं बया!" पलीकडून मंगलाबाई हसली. "हिचं बघून शिका, म्हनत व्हतीस ना आमाला?"

"लेकीची लाज झाकत व्हते."

मोहिनीनं आईकडे पाहिलं. "खरं?"

"खरं. ह्यात तुझं काय व्हायचं नाय."

पोरीनं कात्री मातीत टाकली. पिशवी भरली. फाट्यापर्यंत ती पुढं, आई दहा पावलं मागं. एसटीत बसल्यावर तिनं तोंड पलीकडच्या खिडकीकडे केलं. भागीबाई धुरळा बसेपर्यंत उभी राहिली.

परत आली तर खंडेराव वाटच बघत होता. "तिची ओळ आता तूच निस्तर."

"हो दादा."

ती ओळीच्या तोंडाशी गेली. पहिला घड तळहातावर घेतला, फिरवून पाहिला, सोडला. दुसरा घेतला. उघडी कात्री तशीच धरून ती बांधापर्यंत चालत गेली. कुठं लावावी, अशी एकही जागा पोरीनं ठेवली नव्हती.