चौदाव्या पावलावरचा उंबरा

“उंबरा आहे, जपून,” असं म्हणत ताई स्वतः मागच्या मागे उंबरा ओलांडून दालनात शिरल्या. तोंड पाहुण्यांकडे, पाठ चित्रांकडे. बावीस वर्षं त्या अशाच उलट चालत लोकांना संग्रहालय दाखवत होत्या.

“उलट्या पावलांची बाई म्हणजे हडळ,” बागेतले माळीकाका चिडवायचे. “एखाद दिवशी कुणी दातखीळ बसून पडेल.”

“पडू दे की. पगारी हडळ आहे मी, रजेचा अर्ज देऊनच झाडावर जाते.”

आज मात्र चेष्टा सुचत नव्हती. अकराच्या फेरीला नऊ पाहुणे होते आणि दहाव्या होत्या नव्या व्यवस्थापक मॅडम, हातात वही घेऊन. “सगळ्यांचं काम बघतेय ताई. आज तुमच्याबरोबर फिरते. नुसतं बघायचंय.”

नुसतं बघायचंय!

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, “मधलं जाईल, कडा राहतील.” तसंच झालं. माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. चौकट दिसे, चित्र नाही. पण सारं दालन ताईंच्या पावलांना पाठ होतं, आणि चित्रं तर त्याहून पाठ. हे ठाऊक होतं ते एकट्या माळीकाकांना. एखादं बाक सरकलं, की ते सकाळी फाटकापाशीच ताईंना सांगत.

आजही ते लगबगीनं आले होते. “ताई, ऐका आधी. काल तुम्ही गेल्यावर आत त्या—” एवढ्यात मॅडमची चप्पल वाजली, आणि काका खाली वाकून उगाच तण उपटायला लागले.

काहीतरी हललं होतं. पण काय?

रोज आंघोळ झाली की ताई हात जोडून एक नेम बोलत: आज खोटं बोलणार नाही. दोन वर्षांत डोळ्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं, म्हणून नेमही मोडला नव्हता. न विचारलेलं न सांगणं म्हणजे खोटं का, हा प्रश्न मात्र त्या देवापुढे काढत नसत.

उंबऱ्यापासून सहावं पाऊल. पोटरीला बाक लागलं. जागेवरच होतं. अकराव्याला दगडी पुतळ्याचा चौथरा. तोही होता. प्रत्येक वेळी टाच टेकण्याआधी ताई मागची जागा चाचपत आणि तोंडानं चित्रांबद्दल बोलत राहत. मॅडमच्या वहीची पानं मधूनमधून वाजत होती.

शेवटच्या भिंतीपाशी त्या थांबल्या. काळी रुंद चौकट, नेहमीसारखीच. हुश्श झालं. आता फक्त हे चित्र, मग बाग.

“ही खिडकीतली बाई बघा,” ताईंचा आवाज आपसूक हळू झाला. “हातात पत्र आहे. पण फोडलेलं नाही हं. सकाळचं ऊन पार मनगटापर्यंत आलंय, म्हणजे बराच वेळ ती अशीच उभी असणार. आत काय लिहिलंय ते तिला ठाऊक आहे. म्हणून तर फोडत नाही.”

एरवी इथे एखादी बाई हमखास सुस्कारा सोडायची. आज कुणीतरी खाकरलं.

“ताई,” एक आजोबा चाचरत म्हणाले, “माझंच काही चुकत असेल. पण इथं तर होडी आहे.”

चौकट तीच. आतलं चित्र बदललं होतं.

मॅडम पुढे आल्या. पाहुण्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “जुनं चित्र काल संध्याकाळी दुरुस्तीला गेलं. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. सवयीनं बोलून गेलात, हो ना?”

सुटकेचं दार उघडं होतं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

“सांगितलं नाही, हे खरं,” ताई म्हणाल्या. “पण सवयीनं नाही बोलले. मला दिसलं नाही, मॅडम. दोन वर्षं झाली, यातलं एकही चित्र मला दिसलेलं नाही.”

मॅडमनी वही मिटल्याचा आवाज आला.

“ताई, मग उद्यापासून तुम्हाला—”

“उद्याचं उद्या बोलू. ही मंडळी बागेसाठी खोळंबलीत.” मग त्या आजोबांच्या दिशेनं वळल्या. “कशी आहे होडी?”

“रिकामी आहे,” आजोबा म्हणाले. “काठाला बांधलीय. वल्हं आतच आहे.”

“दोर ताणलाय का?”

आजोबा पुढे वाकले. “नाही बाई. ढिला आहे.”

“म्हणजे पाणी शांत आहे,” ताई म्हणाल्या. “बघा मंडळी. आज हे मला आजोबांनी दाखवलं.”

त्यांनी पदर सारखा केला आणि पाठ बागेच्या दाराकडे केली. मॅडमचा हात त्यांच्या कोपरापाशी आला, घुटमळला आणि मागे गेला. ताई उलट चालू लागल्या. बारा. तेरा. चौदाव्या पावलाला टाचेला लाकूड लागलं.

“उंबरा आहे,” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “जपून या.”