जमिनीवर बसलेली वेल

मला वेल म्हणायला तुम्ही जरा कचराल, मित्रांनो. वेल म्हटली की ती मांडवावर चढलेली आणि वरून घोस लोंबताहेत, असंच चित्र तुमच्या डोळ्यांपुढे येणार. मी कुठेच चढलेली नाही. सँटोरिनी बेटावर, पिरगोस गावाखालच्या उतारावर मी जमिनीला टेकून बसले आहे, कुणी एखादी मोठी परडी शेतात विसरून गेल्यासारखी. पण आहे मी द्राक्षवेलच, आणि चांगली जुनी.

या शेताच्या मालकानं, छोट्या झानिसच्या आजोबांनी, माझ्या आईची एक लांब फांदी वाकवून तिचा मधला भाग मातीत पुरला आणि वर दगड ठेवला, तो माझा जन्म. दोन वर्षं मी आईच्याच अंगावर पीत होते. मला स्वतःची मुळं फुटली तेव्हा त्यांनी विळ्यानं आमची नाळ तोडली. इथली माती म्हणजे ज्वालामुखीची राख आणि हातात घेतले तर हलके लागणारे, भोकाभोकांचे दगड. पाऊस हिवाळ्यात चार दिवस येतो, उन्हाळ्यात त्याचं नावही नको. पण पहाटे समुद्रावरून धुकं चढतं. ते हे दगड पिऊन ठेवतात आणि दिवसभर घोट घोट आमच्या मुळांना देतात. देवानं आम्हाला थोडं दिलं, पण उपाशी ठेवलं नाही.

थंडी संपता संपता आजोबा माझ्याशेजारी गुडघे टेकून बसत. वर्षभरात वाढलेल्या काड्या ते एकीभोवती एक अशा गोल गोल विणत. दर वर्षी एक फेर. त्यातून माझी परडी झाली. उन्हाळ्यात इथे उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा येतो आणि बारीक वाळू अंगावर फेकत राहतो. तो परडीवरून निघून जाई, आणि माझे घोस आत, पानांच्या सावलीत, पाळण्यातल्या बाळांसारखे निजून राहत.

पुढे झानिस मोठा झाला आणि मारूसो नावाची सून घरात आली. ही मुलगी नेमाची फार पक्की. बुधवार-शुक्रवारचे उपास, घरातल्या देवाच्या तसबिरीपुढे सांजसकाळ दिवा. आणि द्राक्षाचा नेम तर गावाचाच होता. सहा ऑगस्टला, येशूच्या रूपांतराच्या सणाला, पहिले घोस चर्चमध्ये नेऊन धर्मगुरूंकडून आशीर्वाद घ्यायचा आणि मगच द्राक्ष तोंडात घालायचं. गाव हा नेम पाळी, पण मन मोठं ठेवून. मारूसो पाळी ती काटेकोर.

एकदा जुलैअखेरीस झानिस माझ्यापाशी वाकून काहीतरी करत होता.

"काय चाललंय हो?" ती बांधावरून म्हणाली.

"काही नाही गं. पानं बघतोय."

"पानं बघा हो, पण मिशीला साल चिकटलीय ती आधी पुसा. देवाला वरून दिसतंय, मला इथून."

मला तेव्हा हसता आलं असतं तर मी सगळी परडी हलवून हसले असते.

ते दिवस आठवले की अजून माझ्या खोडात ऊब येते. ऑगस्टच्या मध्यावर तोडणी. बाया ओणव्या होऊन हात परडीत घालत, चाचपून घोस काढत, आणि गाणी म्हणत. खेचरांच्या पाठीवर टोपल्या चढत. डोंगर कोरून केलेल्या थंडगार खोलीत पुरुष पाय धुऊन द्राक्षं तुडवीत. काही घोस मात्र मारूसो गच्चीवर दहा-बारा दिवस उन्हात वाळवी. त्यांची मधाच्या रंगाची गोड वाइन होई, विनसांतो. तिची एक सुरई दर वर्षी चर्चला जाई. गावातल्या तान्ह्या बाळांच्या जिभेवर प्रसादाच्या चमच्यातून पहिला थेंब पडे, तो आमच्या शेतातला. मला यापेक्षा मोठी शाबासकी कुणी दिली नाही, आणि मला ती नकोही होती.

मग पर्यटकांच्या मोठमोठ्या बोटी येऊ लागल्या. शेजारचं शेत गेलं, तिथे पांढऱ्या खोल्या आणि निळं पाणी साठवलेले तलाव झाले. पलीकडचं गेलं. झानिसही गेला, एका वसंतात, शांतपणे. मुलगा सिदेरिस दूर उत्तरेला, मुख्य भूमीवर, शेतीचं शिकायला गेलेला. मारूसो एकटीच यायची. गुडघे टेकले की उठताना तिला माझ्या शेजारच्या दगडाचा आधार घ्यावा लागे. काही वर्षी विणकाम अर्धंच राहिलं. काड्या वाऱ्यावर मोकळ्या फडफडत. मी तक्रार केली नाही, पण मित्रांनो, केस न विंचरलेल्या म्हाताऱ्या बाईला कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

सिदेरिस परत आला तो आईची ही अवस्था बघूनच. पोरगा मनानं वाईट नव्हता. "आई," तो म्हणाला, "साठ वर्षं तू मातीत गुडघे घासलेस. आता वेलींना उभं करू. तारा लावतो. तू उभ्यानं तोडशील."

"आपल्याकडे कुणी लावत नाही रे तारा."

"म्हणूनच सगळ्यांचे गुडघे गेलेत."

लेकानं तिच्या गुडघ्यांचा विचार केला होता, आणि त्या एका गोष्टीनं तिचं तोंड बंद झालं. मला वाटतं, ती तिची चूक. त्याची चूक त्याच्या प्रेमात होती.

फेब्रुवारीत त्यानं खांब रोवले, तीन तारा ओढल्या आणि शेतात आता उरलेल्या आम्हा अकराजणींच्या परड्या करवतीनं उघडल्या. पाऊणशे वर्षांचे फेर. मी कडकडले. मग त्यानं मला ओढून वर बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा मला समुद्र दिसला, खरं सांगते, सुंदर होता. पण तोही मला बघत होता, आणि त्याच्याकडून वारा येणार होता.

शेजारचा म्हातारा याकूमिस गाढवावरून जाताना थांबला. गाव त्याला बार्बा म्हणतं, म्हणजे काकाच.

"काय रे सिदेरिस, धुणं वाळत घातलंयस?"

"नवी पद्धत आहे, बार्बा. बघालच तुम्ही."

"बघतो की. चिमटे पण लाव मग, उडून जातील."

मे महिन्यात कोवळे शेंडे मोडले. जूनमध्ये वाळूनं पानं फाडली. जुलैत जे चार घोस उरले होते ते उन्हात उघडे पडून तपकिरी झाले. सहा ऑगस्टला मारूसो रिकामी टोपली घेऊन चर्चला गेली. शेजारणीनं आपल्यातलं एक आशीर्वादाचं द्राक्ष पुढं केलं.

"घे गं मारूसो. देवाचंच आहे."

"तुझ्या शेतात पिकलंय, तू खा. माझ्या शेतानं दिलं की मी खाईन. तोवर नाही."

"आणि नाहीच दिलं तर?"

"तर नाही."

असा तिनं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नवा नेम धरला. त्या दिवसापासून सिदेरिसचं जेवणावरून लक्ष उडालं. खोल्या बांधणारा एक माणूस तीनदा येऊन गेला होता. चौथ्यांदा आला तेव्हा सिदेरिस त्याला म्हणाला, "पुढच्या जूनपर्यंत थांबा. वेली फुटल्या नाहीत तर शेत तुमचं." आईपुढे तो मान वर करत नव्हता.

बार्बा याकूमिसच शेवटी बोलला. "अरे, रडतोस काय? म्हातारी वेल थकली की आपण काय करतो? मान उतरवतो. मूळ तर आहे ना खाली, तिथून ती नवी फुटते. पण तू यांना आधी दमवलंस. आता त्यांची मर्जी."

हिवाळ्यात त्यांनी आम्हा अकराजणींना जमिनीच्या खाली, वीतभर माती उकरून कापलं आणि वर राख लोटली. मित्रांनो, तो अंधार मला सांगता येणार नाही. पानं नाहीत, डोळे नाहीत, फक्त मुळं, आणि वरून पावलांचा आवाज. एक पाऊल जड, एक दगडाचा आधार घेणारं. रोज यायची मारूसो. हळू आवाजात प्रार्थना म्हणायची, आणि मग अगदी घरातल्यासारखं, "काय, उठायचंय का आज?" म्हणायची.

त्या हिवाळ्यात पाऊस दोनच दिवस झाला. एप्रिलमध्ये बांधाखालच्या याकूमिसच्या वेली हिरव्या झाल्या. ईस्टर झाला, मे गेला. आमची ओळ तशीच राखाडी. माझ्या दोन्ही बाजूंच्या बहिणी खाली हळूहळू गप्प झाल्या, मला मुळांतून कळलं. माझ्याजवळही थोडंच उरलं होतं. एक कोंब होईल इतकंच. खूप दिवस मी ते धरून बसले. मग जे होतं ते सगळं एका डोळ्यात, जिथून कोंब फुटतो तिथे, घातलं.

सिदेरिस खांब काढायला आला होता. जूनचा दुसरा आठवडा, शेत द्यायचं ठरलेलं. खांब उपटताना त्याचा गुडघा टेकला आणि तो तसाच थांबला.

"आई! अगं आई, इकडे ये!"

"ओरडू नकोस रे, येतेय. काय, साप आहे का?"

"नाही गं. बघ."

राखेतून नखाएवढं गुलाबीसर काहीतरी वर आलं होतं. ते मी होते. मारूसोनं छातीवर क्रूसाची खूण केली. मग लेकाच्या खांद्याचा आधार घेऊन ती शेजारी बसली आणि इतकंच म्हणाली, "हात नको लावू. धुक्याला काम करू दे."

आठवड्याभरात आणखी पाचजणी उठल्या. पाचजणी उठल्या नाहीत. खोल्यावाल्या माणसाला सिदेरिसनं बांधावरूनच परत पाठवलं. तो म्हणाला, "पण तुम्ही शब्द दिला होता." सिदेरिस म्हणाला, "वेली फुटल्या नाहीत तर, असा दिला होता. या फुटल्या."

या फेब्रुवारीत माझा पहिला फेर विणला गेला. विणत होता सिदेरिस, गुडघे टेकून. आई खुर्ची टाकून बसली होती.

"असा नाही रे, उलटा. वारा कुठून येतो?"

"तिकडून."

"मग तिकडे तिची पाठ कर. आणि दाबू नकोस, ती काय कणीक आहे?"

फेर वाकडाच झाला आहे. मला तो आवडतो.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणी वाकून, जमिनीला धरून बसलेलं दिसलं, तर त्याला सरळ करायला धावू नका. आधी विचारा, की बाई, तुझ्याकडे वारा कुठून येतो? आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी गप्प बसू नका, अगदी माया करणाऱ्यापुढेसुद्धा.

कापलेल्या मुळावर द्राक्ष धरायला तीन उन्हाळे लागतात. एक झाला. मारूसो आता एकोणऐंशीची आहे. सहा ऑगस्टला ती चर्चमध्ये सगळ्यांच्या हातावर शेजारच्या शेतांतली द्राक्षं ठेवते आणि स्वतः एकही खात नाही. मी आयुष्यात कधी घाई केली नव्हती, मित्रांनो. आता करते आहे.